गच्चीवर सूक्ष्मशैवाल आणि जिवाणू वाढवून सोसायटीचे सांडपाणी शुद्ध होईल का? (बेसा, नागपूर)

बेसा_सोसायटी_सचिव

नमस्कार. बेसा-बेलतरोडी भागातील ११० सदनिकांच्या एका सोसायटीचा मी सचिव आहे. आमच्याकडे रोज सुमारे ५० हजार लिटर सांडपाणी निघते आणि त्यासाठी बिल्डरने बसवून दिलेला एमबीबीआर पद्धतीचा (प्लॅस्टिकच्या फिरत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारा) प्लांट आहे. त्यातला पाच अश्वशक्तीचा ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) चोवीस तास चालतो, त्यामुळे सामाईक वीजबिलात लिफ्टपेक्षाही त्याचाच वाटा मोठा असतो आणि दर वार्षिक सभेत याच मुद्द्यावर वाद होतो.

अलीकडे एका पुरवठादाराने नवा प्रस्ताव दिला आहे. गच्चीवर २ हजार चौरस फुटांचा, फूटभर खोलीचा उथळ हौद बांधून त्यात सूक्ष्मशैवाल आणि जिवाणू एकत्र वाढवायचे, म्हणजे ब्लोअर कायमचा बंद करता येईल, गाळ निघणारच नाही, पाणी बागेला व फ्लशला वापरता येईल आणि जमा होणारे शैवाल विकून सोसायटीला उत्पन्नही होईल, असे त्याचे म्हणणे आहे. प्रात्यक्षिकात त्याने काचेच्या बरणीतले सांडपाणी आधी हिरवे झालेले आणि नंतर निवळलेले दाखवले. सभासद प्रभावित झाले. मीही झालो, परंतु सोसायटीचा पैसा घालण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

शैवाल आणि जिवाणू मिळून सांडपाणी शुद्ध करतात, हे शास्त्र कितपत पक्के आहे? नागपूरचा मे महिना आणि इथला पावसाळा त्याला मानवेल का? आणि पुरवठादाराला नेमके काय विचारावे?

निवृत्त_जलअभियंता (धरमपेठ)

सचिव महोदय, मूळ शास्त्र पक्के आहे आणि ते नवीनही नाही. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि उथळ, वळणावळणाच्या, चाकाने हलत्या ठेवलेल्या शैवाल तलावांची रचना त्यातूनच पुढे आली. आपल्या शहरात १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनेही सुरुवातीच्या काळात भारतीय हवामानातील ऑक्सिडेशन पाँडवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उघड्या तलावांवर) बरेच काम केले होते. ते तलाव अधिक खोल आणि संथ असत, पण त्यांतही हीच जोडी राबत असे.

या जोडीचे काम असे चालते. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात. त्यासाठी त्यांना विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, अमोनिया व फॉस्फेट बाहेर पडतात. शैवालाला वाढीसाठी नेमके हेच तिन्ही पदार्थ हवे असतात, आणि उन्हात प्रकाशसंश्लेषण करताना ते पाण्यातच ऑक्सिजन सोडते. त्यामुळे तुमचा ब्लोअर जे काम विजेवर करतो ते इथे सूर्यप्रकाशावर होते. शिवाय साध्या वायुवीजन (यंत्राने हवा सोडणाऱ्या) प्लांटमध्ये नत्र आणि स्फुरद बऱ्याच प्रमाणात पाण्यातच राहून जातात, इथे त्यांचा काही भाग शैवालाच्या पेशींत बांधला जातो. नाग नदी कन्हानला मिळून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते आणि नत्र-स्फुरदाने जलाशयात शेवाळ माजते, हे लक्षात घेतले तर ही दुसरी गोष्ट नागपूरकरांसाठी कमी महत्त्वाची नाही.

आता तुमच्या प्रस्तावाचा हिशेब करू, कारण खरी अडचण तिथे आहे. ५० हजार लिटर सांडपाण्याची बीओडी (सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २०० मिलिग्रॅम धरली, तर रोज १० किलो बीओडी भागवावी लागेल. चांगल्या हवामानात आणि नीट चालवलेल्या उथळ तलावात शैवालाची वाढ दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास धरता येते, आणि एक किलो शैवाल तयार होताना साधारण दीड ते पावणेदोन किलो ऑक्सिजन सुटतो. २ हजार चौरस फूट म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. त्यावर दिवसाला पावणेतीन किलो शैवाल आणि साडेचार किलोच्या आसपास ऑक्सिजन मिळेल. गरज १० किलोची आणि आवक साडेचारची, तीही स्वच्छ उन्हाच्या दिवशी, आणि त्यातलाही काही भाग दुपारी पाणी अतिसंपृक्त झाल्यावर (पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन झाल्यावर) हवेत निघून जाणार. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी चित्र तेच दिसते. असा तलाव नीट चालण्यासाठी सांडपाणी त्यात साधारण तीन ते आठ दिवस राहावे लागते. सहा दिवस धरले तर ३०० घनमीटर पाणी साठवावे लागेल, म्हणजे ३० सेंटीमीटर खोलीला १ हजार चौरस मीटर, जवळजवळ ११ हजार चौरस फूट. तुम्हाला सुचवलेल्या हौदात पाणी जेमतेम एक दिवस थांबेल. मग खोली वाढवावी, असे कोणी म्हणेल. परंतु दाट हिरव्या पाण्यात प्रकाश वरच्या काही सेंटीमीटरच्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे खोलीने जागेची भरपाई होत नाही.

गाळ निघणार नाही हा दावा तर सरळसरळ उलटा आहे. वायुवीजनाच्या प्लांटमध्ये १० किलो बीओडीमागे अंदाजे चार ते पाच किलो कोरडा गाळ तयार होतो. शैवाल मात्र हवेतला आणि पाण्यातला अकार्बनी कार्बन बांधून नवे वस्तुमान निर्माण करते, म्हणून पुरेशा मोठ्या, नीट चाललेल्या तलावात त्याच सांडपाण्यापासून रोज १५ किलोच्या घरात शैवाल-जिवाणूंचा कोरडा साठा निघू शकतो, आणि तो रोज बाहेर काढलाच पाहिजे. काढला नाही तर ते शैवाल पाण्याबरोबर बाहेर जाईल, पुढे मरेल, कुजेल आणि आपण भागवलेली बीओडी पुन्हा परत देईल. शैवाल वाढवणे सोपे आहे. ते पाण्यातून वेगळे करणे हाच या पद्धतीतला सर्वांत अवघड आणि खर्चिक भाग आहे. सुट्या पेशी काही मायक्रॉनच्या असतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर सारतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. पुरवठादाराने बरणीत निवळलेले पाणी दाखवले तेव्हा तळाशी काय साचले होते आणि त्याला किती वेळ लागला, हे त्याला विचारावे.

एक गोष्ट या सगळ्याहून गंभीर आहे. ३० सेंटीमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलो होते. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी आपल्या आयएस ८७५ या मानकात जो बदलता (माणसे, सामान यांचा) भार धरतात तो दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. त्यात हौदाच्या भिंती आणि अस्तराचा थर अजून मोजलेलाच नाही. स्ट्रक्चरल अभियंत्याच्या लेखी अभिप्रायाशिवाय गच्चीचा विचारही करू नये.

वनस्पतिशास्त्र_शिक्षिका

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. त्यात सजीवांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण ‘विशेष कल्चर’ (विरजणासारखे सोडायचे शैवाल-जिवाणू) या नावाखाली बरेच काही विकले जाते.

उघड्या हौदात तुम्ही कोणतेही शुद्ध कल्चर सोडले, तरी काही आठवड्यांत तिथल्या परिस्थितीला साजेशा प्रजातीच वरचढ ठरतात. सांडपाण्याच्या तलावात सहसा क्लोरेला, सेनेडेस्मस, मायक्रॅक्टिनियम अशी हिरवी शैवाले आढळतात आणि ती हवेतून, पाण्यातून आपोआप येतात. त्यांतील मायक्रॅक्टिनियम किंवा पेडिआस्ट्रम यांसारखी समूहाने राहणारी शैवाले लवकर खाली बसतात, तर एकेकटी क्लोरेला तरंगत राहते. म्हणून न्यूझीलंडमधील संशोधकांनी एक साधा उपाय तपासला: तळाशी बसलेल्या साठ्याचा थोडा भाग रोज तलावात परत सोडायचा, म्हणजे लवकर बसणाऱ्या प्रजातींनाच पुन्हा पुन्हा संधी मिळते आणि हळूहळू त्यांचेच प्रमाण वाढते. वेगळे कल्चर विकत घेण्यापेक्षा या युक्तीवर माझा अधिक विश्वास आहे. जिवाणूंचा इथे आणखी एक उपयोग होतो, तो म्हणजे त्यांच्या चिकट स्रावांत शैवालाच्या पेशी अडकतात आणि पुंजके जड होतात.

या दोघांचे नाते ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या देवाणघेवाणीपुरतेच नाही. शैवालांच्या कित्येक प्रजातींना बी१२ जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही आणि ते त्यांना जिवाणूंकडून मिळते. ॲझोस्पिरिलम हा आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा जिवाणू क्लोरेलाबरोबर ठेवला असता, त्याच्या संप्रेरकांमुळे क्लोरेलाची वाढ सुधारते, असे मेक्सिकोतील प्रयोगांत दिसले आहे. मात्र हे नाते नेहमी गोडीगुलाबीचेच असते असे समजू नये. काही जिवाणू शैवालाला मारतात, आणि शैवालाने दुपारी पाण्याचा सामू (पीएच) फार वाढवला की जिवाणूंची कामगिरी मंदावते.

सामूचा मुद्दा तुमच्यासाठी व्यावहारिकही आहे. उन्हात शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वेगाने शोषून घेते आणि सामू ९ ते १० पर्यंत चढू शकतो. त्याचे काही फायदे आहेत: रोगजंतू मरतात, फॉस्फेट कॅल्शियमबरोबर खाली बसते. पण ९.२५ च्या आसपास अमोनियाचा निम्मा भाग वायुरूप मुक्त अमोनियात बदलतो. तो काही अंशी हवेत उडून जातो आणि उरलेला स्वतः शैवालालाच बाधतो. पाणी गरम असेल तर ही अवस्था आणखी कमी सामूला येते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा सामू ६.५ ते ९ ठरवलेला आहे, म्हणजे दुपारी चारचा नमुना या एकाच निकषावर नापास होऊ शकतो.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी विचारले आहे. वर उल्लेखलेल्या बहुतेक हिरव्या शैवालांना २५ ते ३५ अंश तापमान मानवते. पाणी ४० अंशांच्या पुढे गेले की त्यांची स्थिती बिघडते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. उघड्या पाण्याला बाष्पीभवनाने थोडा गारवा मिळतो हे खरे, तथापि सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवरील फूटभर पाणी आणि मातीत खणलेल्या तलावातील पाणी यांत मोठा फरक असतो. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, ते वेगळेच. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश कमी होतो आणि एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३० सेंटीमीटरच्या हौदात एक तृतीयांश पाणी पावसाचेच होऊन तितके शैवाल सांडव्यातून वाहून जाते.

विक्रीच्या उत्पन्नाबद्दल स्पष्टच लिहिते. खाण्याची स्पिरुलिना बायकार्बोनेटयुक्त, तीव्र अल्कधर्मी आणि स्वच्छ पाण्यात वाढवतात. सांडपाण्यावरचे शैवाल माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यासाठी विकण्याचा विचार कोणी मांडत असेल, तर तो तिथेच थांबवावा. खत म्हणून ते वापरता येते, तेही नीट वाळवून आणि कंपोस्ट करून. आणि ‘घरचेच कल्चर’ म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावावरची हिरवी साय आणून हौदात टाकू नये. अशा सायीत मायक्रोसिस्टिससारखे विषारी नीलहरित जिवाणू असू शकतात.

प्लांट_ऑपरेटर_हिंगणा

सचिव साहेब, मी एमआयडीसीत एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) चालवतो. शैवालाचा मोठा प्रकल्प मी पाहिलेला नाही, पण शैवालाचा त्रास रोज पाहतो. शुद्ध पाण्याची टाकी उघडी राहिली की ती हिरवी होते, सँड फिल्टर एका दिवसात चोक होतो आणि बॅकवॉशमध्येच (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्यातच) बरेच पाणी जाते. फ्लशच्या टाक्यांत हिरवे पाणी गेले तर सभासदांच्या तक्रारी सुरू होतील. त्यामुळे शैवालाचा हौद केलाच, तर त्याच्या पुढे निवळण टाकी आणि झाकलेली साठवण टाकी हवीच. हौदात पाणी संथ राहिले तर डासही होतात.

दुसरे असे की तुमचा ब्लोअर इतका वेळ चालवण्याची गरज आहे का, ते आधी तपासा. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन किती आहे, हे कोणी मोजले आहे का?

मौदा_ग्रामपंचायत_अभियंता

इथल्या चर्चेतून ही पद्धतच निकामी आहे असा समज होऊ नये, म्हणून लिहितो. गावाकडे परिस्थिती वेगळी असते. आमच्या तालुक्यात अनेक ग्रामपंचायतींकडे गावाच्या उताराला सरकारी जागा असते, विजेचा भरवसा नसतो आणि ब्लोअर दुरुस्त करणारा माणूस शहरातून बोलवावा लागतो. अशा ठिकाणी एखादा एकर जागेत शैवाल तलाव आणि पुढे निवळण तलाव केला, तर पाणी शेतीला देता येते आणि त्यातला नत्र-स्फुरद वाया जात नाही. पाणी शेतालाच जाणार असेल तर थोडे शैवाल त्याबरोबर गेले तरी चालते, उलट जमिनीला फायदाच होतो. ठिबक असेल तर मात्र नळ्या तुंबतात. आपल्याकडे काळी माती आहे, ती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळाला प्लॅस्टिकचे अस्तर घालावे लागते आणि तो खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.

स्पेनमधील चिकलाना या गावी युरोपीय संघाच्या साहाय्याने असाच मोठा प्रकल्प उभा राहिला, त्यात शैवालापासून बायोगॅस करून वाहने चालवण्यापर्यंत काम गेले. त्यामागे मोकळी जमीन आणि मुबलक ऊन होते. ऊन आपल्याकडेही आहे. शहरातल्या सोसायटीकडे जमीन नाही, एवढाच फरक.

निवृत्त_जलअभियंता (धरमपेठ)

मौद्याच्या सहकाऱ्यांचे म्हणणे योग्य आहे, माझा आक्षेप जागेच्या आकड्यावर आहे. पाणी शेतीला देता येत असेल तर अडचण निम्म्याने कमी होते, कारण शैवाल वेगळे करण्याची सक्ती सैल होते.

हिंगण्याच्या ऑपरेटर महोदयांनी विचारलेला प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट, पूर्ण भारावर चोवीस तास चालला तर दिवसाला ८९ युनिट. तुमची ऑक्सिजनची गरज, अमोनियाचे नायट्रेट होण्यासाठी लागणारा भाग धरूनही, रोज २० किलोच्या आसपास असावी. जाड बुडबुड्यांचा डिफ्युझर (पाण्यात हवा पसरवणारी तोटी) असला आणि एका युनिटला एकच किलो ऑक्सिजन पाण्यात उतरतो असे मानले, तरी २० युनिट पुरेत. एमबीबीआरमध्ये प्लॅस्टिकचे माध्यम फिरते ठेवण्यासाठी थोडी अधिक हवा लागते, त्यामुळे ती दुप्पट धरा. तरीही निम्म्याहून अधिक वीज वाया जात असण्याची शक्यता आहे. विरघळलेल्या ऑक्सिजनचा मीटर आणि ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण), या दोन गोष्टींचा खर्च गच्चीवरील हौदापेक्षा बराच कमी येईल.

बेसा_सोसायटी_सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऑपरेटरला विचारले तेव्हा कळले की टाकीतला ऑक्सिजन कधीच मोजलेला नाही. तो या आठवड्यात मोजून घेतो आणि स्ट्रक्चरल अभियंत्यालाही पत्र देतो.

पुरवठादाराला सर्व आकडे कळवले असता त्याने हौदाचे क्षेत्रफळ वाढवण्याची तयारी दाखवली नाही, परंतु आवाराच्या मागच्या बाजूला ५०० लिटरची चाचणी टाकी विनामूल्य लावून देतो, त्यातल्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पाहून निर्णय घ्या, असे म्हणतो. कार्यकारिणीतील काहीजणांना हे मान्य आहे. चाचणी करायचीच असेल तर नमुना कसा घ्यावा, जेणेकरून अहवालाला अर्थ राहील?

निवृत्त_जलअभियंता (धरमपेठ)

नमुन्याची वेळ तुम्ही ठरवा, पुरवठादाराला ठरवू देऊ नका. दुपारी चार वाजता शैवालाची कामगिरी सर्वोत्तम दिसते. पहाटे सहाला, रात्रभर शैवालानेही श्वसनात ऑक्सिजन खर्च केल्यानंतर, टाकीची सर्वांत वाईट अवस्था असते. दोन्ही वेळांचे नमुने घ्या, आणि विरघळलेला ऑक्सिजन व सामू जागेवरच मोजा, कारण बाटली नेईपर्यंत ते दोन्ही बदलतात.

टाकीत रोज किती सांडपाणी घातले जाते, याची नोंद वॉचमनकडून ठेवून घ्या. ५०० लिटरच्या टाकीत दिवसाला ८० लिटर घातले तर पाणी सुमारे सहा दिवस राहते. परंतु गच्चीवरील प्रस्तावित हौदात ते एकच दिवस थांबणार आहे, म्हणून चाचणीतही रोज जवळजवळ ५०० लिटर घालायला सांगा. एकदा भरून आठवडाभर उन्हात ठेवलेल्या टाकीचा अहवाल प्रस्तावित हौदाबद्दल काहीच सांगत नाही. टाकीतील पाण्याची खोलीही ३० सेंटीमीटरच असू द्या आणि पाणी हलते ठेवा.

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची बीओडी दोनदा करायला सांगा: एकदा नमुना आहे तसाच, एकदा काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळून. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस अंधारात करतात. त्या अंधारात बाटलीतले शैवाल ऑक्सिजन सोडत नाही, तर श्वसनासाठी वापरते, म्हणून न गाळलेल्या नमुन्याची बीओडी बरीच वर येते. पुरवठादार बहुधा गाळलेल्याचा आकडा दाखवेल. नियम लागू होतो तो न गाळलेल्या पाण्याला, आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच वेगळे न केलेले शैवाल. सोबत तरंगते घनपदार्थ, अमोनिया, एकूण नत्र आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) एवढ्या चाचण्या पुरेत. बाटल्या गडद रंगाच्या असाव्यात, बर्फात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी पोहोचवाव्यात. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी.

शिवाय एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. एक लिटरच्या उभ्या पारदर्शक पात्रात टाकीतले पाणी भरून सावलीत अर्धा तास स्थिर ठेवा. पुंजके तळाशी बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, तर शैवाल-जिवाणूंची जोडी चांगली जमली आहे असे समजावे. अर्ध्या तासानंतरही सगळे पात्र एकसारखे हिरवे दिसले, तर निवळण टाकी, तुरटी किंवा अन्य रसायन आणि निघालेला गाळ वाळवायची जागा, या सर्वांचा खर्च प्रस्तावात लिहून घ्या. आणि गच्चीबाबतचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत ती चाचणी टाकीसुद्धा जमिनीवरच राहू द्या.